लाभ, दोन, तीन

गेल्या मे महिन्यात आमच्याकडे नारळांचा पाडो होता, त्या दिवशी नात घरी होती. पर्वरीच्या फ्लॅटमध्ये वाढणारी, पावणेचार वर्षांची, चपला घातल्याशिवाय खळ्यात न उतरणारी. सकाळभर माडांवरून नारळ धबाधब पडत होते तोवर तिला मी सोप्यावर धरून ठेवलं. दुपारी पाडेल्याने सगळे नारळ ओढून खळ्यात रास घातली आणि तो मोजायला लागला. नारळ मोजणं म्हणजे या राशीतून उचलून त्या राशीत टाकणं. दोन हातांत दोन नारळ, एक झोका, एक शब्द. "लाभ," पहिली जोडी गेली. "दोन," दुसरी गेली. "तीन."

नातीने हात वर केला, शाळेत करतात तसा. "आजी, एक खंय?"

पाडेली थांबला. कित्येक वर्षं तो आमचे नारळ पाडतो आहे आणि मोजताना मध्येच कुणी बोललेलं त्याला खपत नाही. पण विचारणारीकडे बघून हसला. "एक म्हणूंक जायना, बाय. पयलें लाभ म्हणचें."

मला हे नवं नव्हतं. माझी आई कुडवाने भात मोजायची तेव्हा पहिल्या कुडवाला लाभच म्हणायची. वीस कुडवांची खंडी, आणि त्या खंडीची सुरुवात एकाने नाही, लाभाने. घरात येणारं पहिलं माप एकटं म्हणून कसं मोजायचं, असा त्यामागे विचार असावा. पुढच्या मापांना असली काही काळजी नसते, ती मुकाट्याने दोन, तीन होतात.

मग बाईंची नात म्हणून त्याने आपली रीत मोडली. जोड्या सोडून एकेक नारळ टाकू लागला, सावकाश, आणि तिला शेजारी उभी करून तिच्याकडून म्हणवून घेऊ लागला. लाभ, दोन, तीन, चार, पांच, स, सात, आठ, णव, धा. दहा नारळ, दहा शब्द. पुन्हा दहा. पुन्हा बरोबर. मी पायरीवर बसून बघत होते आणि मला आदल्या रात्रीची बदकं आठवत होती.

बदकांचं ते पुस्तक तिला वाढदिवसाला कुणीतरी दिलेलं. मूळ इंग्रजी, मराठीत आणलेलं. जाड पुठ्ठ्याची पानं, दर पानावर एक आकडा, तितकी बदकं आणि दोन ओळींचं गाणं. गाणं तिला पाठ होतं, आकडेही दहापर्यंत पाठ होते. पण शेवटच्या पानावरची दहा बदकं बोट ठेवून मोज म्हटलं की ती नऊच भरायची. रोज. एखादं बदक सुटत असेल म्हणावं, तर तसंही नाही, प्रत्येकावर बोट पडत होतं. मी तीस वर्षं सरकारी मराठी प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीला शिकवलं. मुलं मोजताना कुठे घसरतात हे मला झोपेतही सांगता यायला हवं होतं. पण वर्गात तीस-पस्तीस मुलं असताना एकेकाचं बोट कुठे फिरतंय ते कोण बघतं? एका मुलाच्या एका बोटाकडे दहा मिनिटं टक लावून बघायची सवड मला आजी झाल्यावर मिळाली.

त्या दुपारी उलगडा झाला. मराठीत मोजताना ती 'स' म्हणत सहाव्या बदकावर बोट ठेवायची आणि 'हा' म्हणत सातव्यावर. मग सात म्हणताना आठवं बदक, आठ म्हणताना नववं, 'न' म्हणताना दहावं, आणि 'ऊ' म्हणेपर्यंत बोट पुस्तकाबाहेर गादीवर. नवांतच बदकं आटोपली. पोरीचं काही चुकत नव्हतं. एका ठेक्याला एक बदक हा नियम ती माझ्यापेक्षा काटेकोर पाळत होती. सहालाच दोन ठेके आहेत, त्याला ती काय करणार!

आणि कोंकणीत ते नाहीत. स, णव, धा. दहाच्या दहा आकडे एका ठेक्याचे, पाडेल्याच्या हातात बरोबर बसणारे. लाभसुद्धा एकाच ठेक्याचा. मराठीत सहा, नऊ, दहा असे तीन जण जास्तीची जागा अडवून बसतात. इंग्रजीत दहांपैकी एकटा सेव्हन दोन ठेक्यांचा, म्हणजे तिकडच्या मुलांना घसरायला तेवढीच जागा. हे मी त्या दिवशी घरात ज्याला त्याला सांगत सुटले. हे म्हणाले, "मग कोंकणीत मोज म्हण तिला. संपलं."

गोव्यातल्या घरात हे असं संपत नाही. आम्ही बोलतो कोंकणी. वाचतो, लिहितो, आरत्या म्हणतो, लग्नाच्या पत्रिका छापतो त्या मराठीत. मुक्तीनंतर दयानंद बांदोडकरांच्या सरकारने गावोगावी प्राथमिक शाळा काढल्या त्या बहुतेक मराठी. तशा एका शाळेत मी शिकले आणि तशाच एकीतून निवृत्त झाले. १९८७च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीही वापरता येईल असं ठरलं. त्या वादात मी इथे शिरत नाही, माझ्याच घरात दोन पक्ष आहेत. एवढं मात्र पाहिलं आहे की माणूस पाटीवर ज्या भाषेत आकडे गिरवतो तिच्यातच जन्मभर हिशेब करतो. माझे वडील पोर्तुगीज शाळेत शिकलेले. फोंड्याच्या बाजारात घासाघीस करायचे कोंकणीत आणि नोटा मोजताना ओठांतल्या ओठांत 'उं, दोयश, त्रेश' चालायचं. मी अजून दुधाचा हिशेब सातच्या पाढ्यावर करते, मराठीतल्या. नात पुढे इंग्रजीत करील, तिची शाळाच तसली. त्याआधी मला दोनेक वर्षं मिळाली आहेत. ती सहा, नऊ आणि दहा या तीन शब्दांवर खर्च करायला माझी तयारी होती.

म्हणून एका शनिवारी तिला घेऊन पणजीला पाटोवर गेले, कृष्णदास शामा ग्रंथालयात. १८३२ सालापासूनचा हा ग्रंथसंग्रह, पोर्तुगीज गेले तरी राहिलेला. मुलांच्या विभागात आम्ही दोघी सकाळभर बसलो आणि मोजणीची सापडतील ती पुस्तकं उघडली. तिने चित्रं पाहिली, मी यमकं. दुपारी बसमध्ये ती झोपली आणि मी तिकिटाच्या मागे लिहायला लागले. आपणच एक करून बघू, असं डोक्यात आलं होतं. नारळ, कुर्ल्या, शिंपल्या. बदकं नकोत. आमच्या वाड्यावर कुणाकडे बदक नाही.

वही उघडून नीट बसले तेव्हा कळलं की दहा आकड्यांची सांपत्तिक स्थिती फार वेगवेगळी आहे. सात सगळ्यांत श्रीमंत: हात, भात, रात, वात, दात, नात. चारचंही बरं चाललं आहे: दार, गार, फार, तार, धार. पाचला नाच, काच, टाच. आठला पाठ, काठ, गाठ, ताठ. दोनला कोन आणि फोन. फोन यायच्या आधी लोक काय करत असतील कोण जाणे. एकला लेक होती, पण केक आल्यापासून लेकीला कुणी विचारत नाही. तीन मात्र दरिद्री. दीन, हीन, मीन, यांतलं चार वर्षांच्या मुलासमोर काय ठेवणार? जमीन आहे, पण गोव्यात मुलांसमोर जमिनीचा विषय नको. नऊला एक मऊ. म्हणून मोजणीच्या गाण्यांत नवव्या ओळीला ससा तरी येतो नाहीतर उशी तरी. सहा आणि दहा सख्खे भाऊ, त्यांच्या पंगतीला चहा आणि पहा. हा 'पहा' मी इतक्या ठिकाणी पाहिला की विचारू नका. यमक अडलं की मराठी कवी मुलांना काहीतरी पहायला सांगतो. माझ्याही पहिल्या मसुद्यात शेवटची ओळ 'दहा नारळ मोजून पहा' अशीच होती. दोन दिवस मला ती आवडलीसुद्धा.

अकराच्या पुढे उलटंच दुखणं. अकरा, बारा, तेरा, पंधरा, सतरा, अठरा, सगळे 'रा'वर संपणारे. आपापसांतच यमक जुळतं, त्यामुळे मधले कोणी पळाले तरी कानाला पत्ता लागत नाही. 'अकरा, बारा, तेरा, सतरा, अठरा' म्हणून बघा. सुरेल आहे. तीन आकडे पसार झालेत एवढंच.

माझी पहिली धड जमलेली जोडी ही:

चिखल काळा, चिखल गार,
कुर्ल्या त्यात लपल्या चार.

मी खूश, नात माझ्याहून खूश. कागदावर मीच वेड्यावाकड्या चार कुर्ल्या काढल्या होत्या, चिखलातून डोळे बाहेर. तिसऱ्या वाचनाला मी 'लपल्या' म्हणून थांबले आणि तिने "चार!" म्हणून पान दणाणवलं. वाटलं, जमलं. पण शिकवणाऱ्याच्या मनात एक खवचट माणूस बसलेला असतो. दुसऱ्या दिवशी मी पाच बांगडे मासे काढलेलं पान उघडलं आणि त्यावर बोट ठेवून तिच्यासमोर ओळी मात्र कुर्ल्यांच्या म्हटल्या. चिखल काळा, चिखल गार, बांगडे त्यात लपले… "चार!" पाच बांगड्यांकडे डोळे लावून चार. चिखलात बांगडे कुठले, हेसुद्धा तिला खटकलं नाही.

आमच्या गावात जत्रेला मराठी नाटक होतं. पडद्याआड हातात बाड घेऊन प्रॉम्प्टर बसलेला असतो आणि काही नट वर्षानुवर्षं त्याच्या जिवावर राजे होतात. पहिल्या रांगेतल्यांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं, एकदा हळू, एकदा मोठ्याने. माझं यमक तेच करत होतं. 'गार' पुढे होऊन तिच्या कानात 'चार' सांगत होता आणि ती टाळ्या घेत होती. ज्या पुस्तकांत आकडा ओळीच्या शेवटी येतो त्या सगळ्यांत हा प्रॉम्प्टर बसलेला आहे. मूल आकडा बरोबर सांगतं, घरचे कौतुक करतात, आणि चित्रातल्या वस्तूंकडे कुणाचं लक्षच जात नाही.

१९९०च्या सुमारास कॅरन विन नावाच्या अमेरिकी संशोधिकेने लहान मुलांना एक साधं काम सांगितलं होतं. खेळण्यांचा ढीग पुढ्यात ठेवायचा आणि अमुक इतकी दे म्हणायचं. आकडे बिनचूक म्हणणारी मुलं 'तीन दे' म्हटल्यावर मूठभर उचलून द्यायची. आधी फक्त एक देता येतं, काही महिन्यांनी दोन, मग तीन, आणि मग साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपास कधीतरी मुलाला कळतं की मोजताना शेवटी जो शब्द आला तोच 'किती'चा जबाब. मी सुपाऱ्या घेऊन बसले. "मला तीन दे." दिल्या तीन, न मोजता, नजरेनेच. "पाच दे." दोन्ही ओंजळी भरून माझ्या मांडीवर ओतल्या. चौदा होत्या. खळ्यात दहा नारळ मोजणारी हीच पोर. "बरं, आता या मोज." मोजल्या, बाराच्या पुढे भरकटली. मग मी त्यांतल्या सहाच ठेवल्या. लाभ, दोन, तीन, चार, पांच, स. "मग किती झाल्या?" तिने माझ्याकडे बघितलं, या आजीला ऐकू येत नाही असं, आणि पुन्हा लाभपासून सुरू केलं.

यमकाला मी नावं ठेवते आहे असं वाटेल. तसं नाही. आकड्यांचा क्रम ही मुळात फार मोठी गोष्ट आहे. ज्यांना अजून काही अर्थ नाही असे दहा आवाज, ठरलेल्या क्रमाने, एकही न गाळता. ते डोक्यात बसवायला गाण्यासारखं दुसरं काही नाही, आणि हे या भूमीला फार आधीपासून ठाऊक आहे. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री सासष्टीत राहिला, इथली भाषा शिकला आणि १६१६ साली राचोलला त्याचं ख्रिस्तपुराण छापून निघालं. भाषा मराठी, अक्षरं रोमन, ओव्या जवळजवळ अकरा हजार. गद्यात सांगून भागलं नसतं असं नाही. पण या लोकांच्या मनात काही टिकायचं तर ते ओवीत घालावं लागतं, हे त्याने ओळखलं. अर्थ समजावून सांगायला तो स्वतः होताच.

माझ्या आजीच्या जात्यावर याहूनही जुनी तऱ्हा होती. पहिली ओवी देवाला, दुसरी आईबापाला, तिसरी भावाला, अशा ओव्या मोजत मोजत दळण चालायचं. तिथे गळा आणि हात वेगळे नव्हते. जात्याचा फेरा पुरा झाल्याशिवाय ओवी पुढे सरकत नसे. ओवी चुकली तर हात अडखळायचा आणि हात थकला तर ओवी लांबायची. शाळेतल्या पाढ्यांनी ही गाठ सोडवली. बे एके बे ते तीस दाहे तीनशे आम्ही कोरसात म्हटलं, हात मागे बांधून. सतराच्या पाढ्याला माझे नुसते ओठ हलायचे. पुढे बाई झाल्यावर मी समोर उभी राहून तेच म्हणवून घेतलं आणि कुणाकुणाचे नुसते ओठ हलताहेत ते मला लगेच कळायचं, कारण मी त्या गावची होते. तरी कोरस थांबवला नाही. कोरस कानाला फार बरा वाटतो, विशेषतः तपासणीला साहेब आलेले असताना.

विसाच्या पुढे पुस्तक न्यायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं, पण एकोणीस या शब्दावर माझा जीव आहे. एक उणा वीस. मुलाची विसाशी अजून ओळखही झालेली नसते आणि आपण त्याला सांगतो की विसाला एक कमी आहे. मग एकोणतीस, एकोणचाळीस, थेट एकोणनव्वदपर्यंत दर दहाच्या उंबऱ्यावर हा उणा उभा. नव्याण्णवला मात्र एकदम शिस्त बदलते, तिथे शंभराची उणीव कुणी काढत नाही.

२०१९च्या जूनमध्ये महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा केवढा गहजब झाला. विधानसभेपर्यंत विनोद गेले. डॉ. मंगला नारळीकर त्या विषयसमितीच्या प्रमुख होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: जोडाक्षरांनी भरलेली ही नावं मुलांना जड जातात, आणि बोलताना एकक आधी, लिहिताना दशक आधी, यात ती गोंधळतात. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत आम्हीही हसलो. पुस्तक आमचं नव्हतं, हसायला काय जातं? मग त्याच आठवड्यात मी दुसरीच्या वह्या तपासत होते. श्रुतलेखनात सव्वीस सांगितलं होतं आणि पाच मुलांनी ६२ लिहिलं होतं. कानावर आधी सहा पडलं, त्यांनी आधी सहा लिहिलं. इतकी वर्षं मी तिथे तांबडी फुली मारत आले होते. त्या दिवशी पेन थोडा वेळ हातातच राहिलं. शेवटी फुली मारलीच. एकोणीस आणि सव्वीस सोडून द्यायला माझं मन अजूनही तयार नाही. पण त्या बाईंना हसले याची लाज वाटते.

असो. पुस्तक.

पहिलं काम, प्रॉम्प्टरला हाकलला. आकडा ओळीच्या सुरुवातीला आणला आणि यमक दुसऱ्याच शब्दांवर ढकललं.

चार कुर्ल्या, चिखल गार,
पाऊल वाजलं, झाल्या पसार.

आता चार किती ते 'गार' सांगू शकत नाही, चित्रच बघावं लागतं. तीनची गरिबीही याने आपोआप मिटली. सातचं कडवं माझं सगळ्यांत आवडतं, नियम मोडून केलेलं:

सात शिंपल्या, ओला हात,
मूठ उघडली, तरी सात.

यात सात दोनदा आहे आणि दुसरा सात यमकानेच कळतो, मान्य. पण मूठ मिटून उघडली तर आतल्या शिंपल्या तेवढ्याच राहतात, हे तिला त्या वयात खरोखर नवल होतं. आम्ही ते शिंपल्या घेऊन करून बघितलं, वीसएक वेळा तरी. प्रत्येक वेळी सात निघाल्या आणि प्रत्येक वेळी ती हसली.

माणसं मात्र पुस्तकात घ्यायची नाहीत असं ठरवावं लागलं. मराठीत वस्तू दोन, तीन, चार असतात आणि माणसं दोघं, तिघं, चौघं. त्यातही दोघे, दोघी. पाचवा आला की एकदम 'पाच जण'. कोंकणीतही दोगां, तिगां. भाषेने माणसांसाठी वेगळे आकडे राखून ठेवले आहेत ही मला मोठी सभ्यपणाची गोष्ट वाटते, पण एक ते दहाच्या पुस्तकात ती मावेना. मांजर चाललं. मांजर एकच ठेवलं, सगळ्या पानांवर हिंडणारं, आकड्याबाहेरचं.

राहता राहिला सहा. त्याचे दोन ठेके कुठे जाणार? पुष्कळ दिवस मी 'सहा' अशा ठिकाणी बसवायला बघत होते की बोट दुसरीकडे सरकूच नये. जमेना. मग पाडेल्याचा हात आठवला. त्याचा नारळ हातातून सुटून दुसऱ्या राशीवर आदळेपर्यंत वेळ जातो, त्या वेळात एक ठेका काय, दोनही मावतील. बोट टेकवण्यात तो वेळ नसतो. म्हणून आम्ही सुपाऱ्यांना बोट लावणं बंद केलं आणि त्या तांब्याच्या घंगाळात टाकायला लागलो. ठण्ण झाल्याशिवाय पुढचा शब्द नाही. तीन दिवसांत 'सहा' एका सुपारीत बसला. पुस्तकात घंगाळ कुठून आणणार? सहाच्या पानावर मी कडवंच लिहिलं नाही. नुसत्या सहा सुपाऱ्या, एकमेकींपासून लांब लांब, की बोटाला एकीवरून दुसरीवर जायला प्रवास पडावा. बाकीच्या नऊ पानांवर गाणं आणि मध्येच एक गप्प पान. छापून झाल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, इथे काही राहून गेलं का?

चित्रं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने काढली. एरवी पाट्या रंगवतो, आणि दिवाळीला तीन-चार वाड्यांच्या नरकासुरांची तोंडं त्याच्याच हातची असतात. त्यामुळे त्याच्या कुर्ल्यांचे डोळे जरा जास्तच भेदक आले आहेत. मांजर झकास आलं. फोंड्याला एका दुकानात वीस प्रती छापून घेतल्या, नात्यागोत्यांत वाटण्यापुरत्या. ऱ्हस्व-दीर्घ मी चार वेळा तपासलं.

तोवर गणपतीची चवथ होऊन गेली होती आणि नात चार पुरी होऊन वर गेली होती. 'पाच दे' म्हटलं की आता पाचच सुपाऱ्या देते, एकेक उचलून, शेवटची माझ्या हातावर ठेवताना "पाच" जरा जोरात म्हणून. हे नेमकं कधी झालं ते मला कळलं नाही. मी रोज लक्ष ठेवून होते तरी.

पुस्तक आलं त्या आठवड्यात रोज रात्री ते वाचायचं. आठचं कडवं असं आहे:

आठ नारळ खळ्यात पडले,
मांजर येऊन मध्येच दडले.

तीन-चार दिवस ते पान सुखाने पार पडलं. बोट नारळांवरून जायचं, मध्ये मांजरावरही टेकायचं, आठ भरायचे, पान उलटायचं. पाचव्या रात्री ती हळू झाली. लाभ, दोन, तीन, चार, पाच. सहाला बोट दाबून धरलं, शब्द संपेपर्यंत. सात. मांजरावरून बोट उचलून पलीकडे नेलं, तिथे काही नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून. मांजर वगळून.

"आजी, एक उणो आसा."

मी चष्मा लावला. मोजले. सातच होते. ऱ्हस्व-दीर्घ चार वेळा तपासणाऱ्या बाईंनी नारळ एकदाही मोजले नव्हते. रात्रीचे साडेनऊ झाले होते, तरी मी चित्रकाराला फोन लावला. तो म्हणाला, "बाई, आठवा मांजराच्या मागे आहे ना. तुम्हीच लिहिलंत, मध्येच दडले म्हणून."

तिला मी तसं सांगितलं. आठवा मांजराच्या मागे आहे. तिने माझ्याकडे बघितलं, मग मांजराकडे. मग पान उचलून उलटं केलं आणि मागे बघितलं.

मागे नऊ कावळे होते. तिने तेही मोजले. ते बरोबर होते.